मदत हवी आहे: ऑक्सिटोसिनविना मातृवर्तन कसे टिकते?
नमस्कार. १९७९ मध्ये पेडरसन आणि प्रँज यांनी कधीही न व्यालेल्या, आधी इस्ट्रोजेन दिलेल्या रॅट-माद्यांच्या मेंदूतील पोकळीत ऑक्सिटोसिन (पान्हा फुटण्यास लागणारे संप्रेरक) सोडले, तेव्हा एरवी पिलांना टाळणाऱ्या त्यांतील अनेक माद्या त्यांना चाटू लागल्या, जवळ ओढू लागल्या. उलट १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक निकामी केलेल्या माऊस-माद्या पिलांची नीट काळजी घेत होत्या. फक्त त्यांना पान्हा फुटत नव्हता, त्यामुळे पिले जगत नसत.

हा फरक दोन प्रजातींमधला मानावा, की जन्मापासून ऑक्सिटोसिन नसल्यामुळे मेंदू प्रोलॅक्टिनसारख्या दुसऱ्या संप्रेरकावर भिस्त ठेवायला शिकतो? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. प्रौढ मादीच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसलगतच्या मध्य प्रीऑप्टिक भागातच (मातृवर्तनाशी निगडित भाग) ऑक्सिटोसिनचे ग्राही (ते ज्यांना जोडले जाऊन काम करते ती प्रथिने) रोखून केलेल्या प्रयोगांविषयी कोणी जाणकार सविस्तर सांगू शकेल का?