टॉप पेअर आणि पॉटचा आकार

पोकरमध्ये टॉप पेअर (टेबलावरच्या उघड्या पानांपैकी सगळ्यात मोठ्या पानाशी आपल्या हातातल्या पानाची जोडी) लागली की तिन्ही स्ट्रीटवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर, म्हणजे टेबलावर पानं उघडण्याच्या तीन फेऱ्या) बेट मारायचीच, असं एक मत आहे, ते पटलं नाही. हिशोब बघा. फ्लॉपवर पॉट (मधे जमलेले पैसे) १०० आहे आणि दर वेळी पॉटएवढी बेट कॉल होत गेली (समोरच्यानंही तेवढेच पैसे टाकले), तर तो ३००, ९०० करत २७०० होतो. आपले १३०० आत. अर्ध्या पॉटच्या बेटनं तोच ८०० वर थांबतो, आपले ३५०. नुसत्या एका जोडीवर आपले १३०० कॉल करणाऱ्याकडे आपल्याहून कच्चा हात कितीदा असेल? मी तरी टर्नला चेक करतो, म्हणजे बेट लावत नाही. (समोरच्याला पुढचं पान फुकटात बघू देतोय, कबूल. बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची पाच पानं जुळायची शक्यता) असेल तर नाही करत.) सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचं तसंच तिसरं पान) लागला की मात्र पॉट फ्लॉपपासूनच फुगवायचा, रिव्हरला जाग आली तर एका बेटमध्ये तेवढे पैसे आत जात नाहीत.