डिसगाया २ : विनोद आटला की त्याने जागा बदलली?

धरमपेठकर

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलरसमोरून उठवत नाही. अशाच सुट्टीच्या दुपारी मी 'डिसगाया २ : कर्स्ड मेमरीज' हा खेळ यंदा दुसऱ्यांदा पूर्ण केला. पहिल्या वेळी तो मला आवडला नव्हता. या वेळी माझे मत पुरते बदलले आहे, आणि ते का बदलले हे मांडून इतरांचे म्हणणे ऐकावे म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निप्पॉन इची सॉफ्टवेअर या जपानी कंपनीने २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर पहिला 'डिसगाया' आणला. चौकटींच्या पटावर पाळीपाळीने लढायचे, पात्रांची लेव्हल थेट ९९९९ पर्यंत वाढवायची, आणि हे सारे सैतानांच्या अशा जगात, जिथे चांगुलपणा हे वैगुण्य समजले जाते. त्याचा नायक लाहार्ल हा मेलेल्या राजाचा उद्धट मुलगा होता, दोन वर्षांच्या झोपेतून उठून बापाच्या गादीवर हक्क सांगणारा. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात नायक बदलला. वेल्डाइम नावाच्या जगातील सगळी माणसे झेनॉन या महासैतानाच्या शापाने सैतान झाली आहेत आणि अ‍ॅडेल हा एकटाच तरुण माणूस राहिला आहे. त्याची आई मंत्राने झेनॉनला बोलावू पाहते, तर झेनॉनऐवजी त्याची मुलगी रोझालिन येऊन पडते. तिला बापाकडे पोहोचवण्याचा शब्द अ‍ॅडेल देतो, आणि दिलेला शब्द मोडणे त्याला ठाऊकच नाही.

दुसऱ्या भागाबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की नायक सज्जन झाला आणि खेळातील विनोद आटला. मला ती तक्रार अपुरी वाटते. विनोद कथेतून निघून खेळाच्या नियमांत उतरला आहे. पहिल्या भागात याची सुरुवात 'डार्क असेंब्ली'ने झालीच होती : दुकानात चांगला माल हवा असला तरी सैतानांच्या सभेत ठराव मांडायचा, सदस्यांना वस्तू देऊन वश करायचे, आणि ठराव फेटाळला गेला तर सभागृहातच विरोधकांशी लढून तो मंजूर करवून घ्यायचा. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात ज्या शहरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, त्या शहरातील खेळाडूला ठराव, बहुमत आणि मनधरणी हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. दुसऱ्या भागाने त्यात न्यायालयाची भर घातली. तुमच्या पात्राने पराक्रम केला की तो गुन्हा ठरतो, समन्स निघते, त्या समन्साच्या आतील जगातून वाट काढीत स्वतःच न्यायालयात पोहोचावे लागते, आणि तिथे गुन्हा सिद्ध झाला की तो सन्मान म्हणून पात्राच्या नावावर जमा होतो. सैतानांच्या राज्यात न्याय कसा असेल, या प्रश्नाचे इतके पूर्ण उत्तर एकाही संवादात सापडणार नाही, कारण इथे ते तुम्ही स्वतः करून पाहता.

महालकर

तुमचे विवेचन वाचले. न्यायालयाची कल्पना उत्तम आहे हे मान्य, परंतु कल्पना उत्तम असणे आणि ती शंभराव्या वेळीही हसवणारी असणे यांत अंतर आहे. पहिले समन्स आले तेव्हा मीही हसलो. दहाव्या समन्साच्या वेळी मी फक्त मजले उतरत होतो. नियमांत शिरलेल्या विनोदाचा हाच दोष आहे, की नियम पुन्हा पुन्हा पाळावा लागतो आणि विनोद मात्र एकदाच घडतो.

'आयटम वर्ल्ड'चेच उदाहरण घ्या. प्रत्येक वस्तूच्या आत एक जग असते, साध्या वस्तूत ३० मजले, दुर्मिळ वस्तूत ६० आणि सर्वांत मौल्यवान वस्तूत १००. साधी तलवार, किंबहुना चघळायचा डिंकही, आतून एवढा मोठा असावा ही कल्पना विलक्षण आहे. पण दर दहा मजल्यांनीच बाहेर पडायची फुकट सोय, प्रत्येक मजल्यावर तेच शत्रू, तेच रंगीत पॅनेल. पहिल्या भागात हे कष्ट मी आनंदाने केले, कारण मजल्यांवरून परत आलो की वाट पाहत असलेली कथा खोडकर होती. लाहार्लची सैतान चाकर एटना प्रत्येक प्रकरणानंतर पुढच्या भागाची जाहिरात करी आणि ती जाहिरात धादांत खोटी असे. तिच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा भाग नेहमी तिच्याच सौंदर्याचा आणि शौर्याचा असणार असे. रुबाबात अवतरणाऱ्या सरदाराचे नाव लाहार्लने 'मिड-बॉस' ठेवून टाकले आणि ते शेवटपर्यंत चिकटले. या विनोदाला धार होती, कारण तो करणारी माणसे स्वार्थी होती आणि आपण त्यांच्याच बाजूने खेळत होतो.

अ‍ॅडेलच्या बाजूने खेळताना मला अपराधी वाटत नाही, आणि म्हणूनच हसूही येत नाही. खेळाडूला थोडे वाईट होऊ देणे हे या मालिकेचे मर्म होते. दुसऱ्या भागाने ते सोडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदरमधील एक खेळाडू

मी प्लेस्टेशनवर नव्हे, २०१७ मध्ये आलेली संगणकावरची आवृत्ती खेळलो, त्यामुळे जुन्या आठवणी माझ्या मताआड येत नाहीत. महालकरांनी आयटम वर्ल्डबद्दल लिहिलेले पहिल्या भागाला अधिक लागू पडते. दुसऱ्या भागात त्या मजल्यांवर अचानक समुद्री चाचे येऊन धडकतात, आणि त्यांच्याकडून मिळवलेल्या नकाशाच्या तुकड्यांवर 'लँड ऑफ कार्नेज' या अधिक कठीण जगाची वाट अवलंबून असते. म्हणजे 'तेच शत्रू' हे विधान तपासून पाहावे लागेल. मजले एकसुरी आहेत हे मात्र खरे, ते मीही नाकारणार नाही.

मानेवाड्यातील वाचक

मी मूळची भंडारा जिल्ह्यातील. धान निघाल्यावर गावोगावी रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके बघत मोठी झाले, आणि महालकरांच्या मुद्द्याला मला त्या बाजूनेच उत्तर द्यावेसे वाटते.

झाडीपट्टीच्या नाटकात घर मोडते, भाऊ भावाला पारखा होतो, आई रडते, आणि त्याच रात्री, त्याच रंगमंचावर विनोदी पात्र येऊन प्रेक्षकांना लोळवते. प्रेक्षकांना दोन्ही हवे असते. विनोदी पात्र रंगते ते समोरचा गंभीर माणूस खरोखर गंभीर असतो म्हणून. तोही थट्टा करू लागला की दोघांचेही बोलणे हवेत जाते. अ‍ॅडेल हा तसा गंभीर माणूस आहे. त्याला शब्द पाळायचा आहे, बाकी काही नाही, आणि त्याच्याभोवतीचे प्रत्येक पात्र त्या एका निश्चयावर येऊन आदळते. रोझालिन त्याच्याबरोबर चालते, पण वाटेत त्याचा काटा कसा काढावा याचे बेत मनात रचत असते. तिचा सेवक टिंक बेडकाच्या रूपात अडकलेला आहे आणि त्याचा स्वभाव पालटला की रंगही पालटतो. अ‍ॅक्सेल हा ओसरलेल्या प्रसिद्धीचा तारा पुन्हा लोकांच्या नजरेत यावे म्हणून कॅमेरा आणि दिग्दर्शक घेऊन लढायला येतो आणि दर वेळी हरतो. हे सगळे लाहार्लच्या भोवती ठेवून पाहा. लाहार्ल स्वतःच इतका मोठ्याने ओरडतो, की अ‍ॅक्सेलचा आवाज कोणाला ऐकूच येणार नाही.

अपराधी वाटण्याबद्दलही मला म्हणायचे आहे. माणूस राहिलेल्या एकट्या मुलाचे आईवडील आणि धाकटी भावंडे सैतान झाली आहेत, आणि तरी ते घर हसते, जेवते, एकमेकांची काळजी घेते. शाप उतरवायचा म्हणजे या घराला पुन्हा पहिल्यासारखे करायचे. पण ते घर पहिल्यासारखे नाही असे नेमके कशावरून म्हणायचे? हा प्रश्न मला खेळ संपेपर्यंत सोडत नव्हता. हसता हसता असा प्रश्न मनात राहणे ही उणीव आहे, असे मला वाटत नाही.

महालकर

गंभीर पात्राबद्दलचे तुमचे म्हणणे मला पटले, आणि अ‍ॅक्सेलबद्दल मी घाईने मत बनवले होते हे कबूल करतो. परंतु पहिल्या भागातही गंभीर पात्र होतेच. लाहार्लच्या बापाला मारण्यासाठी, तो आधीच मेला आहे हे ठाऊक नसताना, स्वर्गातून पाठवलेली शिकाऊ देवदूत फ्लॉन प्रेमावर मनापासून बोलते आणि प्रेम हा शब्द ऐकताच लाहार्लच्या अंगावर काटा येतो. तिथे दुष्ट माणूस मुख्य आणि सज्जन माणूस पाहुणा होता. दुसऱ्या भागाने ही मांडणी उलटी केली. सज्जनांच्या घरात दुष्टपणा पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुणा कितीही दांडगा असला तरी घर त्याचे नसते.

आपल्या शहराचे उदाहरण देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक निघते. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठते आणि त्या वर्षी लोकांना जे जे छळत असेल त्याचे बडगे करून मिरवले जातात. मी महालात लहानाचा मोठा झालो. त्या मिरवणुकीत अभद्रालाच मधोमध जागा असते, सगळी गर्दी त्याच्याभोवती चालते, आणि म्हणून टीका झोंबते. पहिला डिसगाया मला त्या मिरवणुकीच्या जवळचा वाटतो, दुसरा नाही.

इतवारीकर

चर्चा नायकांभोवतीच फिरते आहे, आणि या मालिकेचा खरा विनोद ज्यांच्या खांद्यावर आहे त्या प्रिनींचा उल्लेखही कोणी केला नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रिनी म्हणजे पेंग्विनसारख्या शिवलेल्या कातड्यात भरलेले पाप्यांचे आत्मे. तुटपुंज्या मजुरीवर राबायचे, मालकिणीच्या, म्हणजे एटनाच्या, शिव्या खायच्या, आणि कोणी उचलून फेकले तर स्फोट होऊन संपायचे. पुरेशी परतफेड झाली की लाल चंद्राच्या रात्री त्यांना पुनर्जन्म मिळतो, हा पहिल्या भागातील प्रसंग मी विसरू शकत नाही. इतका वेळ ज्यांना बॉम्ब म्हणून फेकले, त्यांच्यापैकी प्रत्येक जण कोणीतरी होता, हे तेव्हा कळते.

आता भाषेचा मुद्दा. जपानीत प्रिनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'स्सु' असा उच्चार जोडतात. ते 'देसु' या सभ्य क्रियापदाचे झिजलेले रूप आहे, आणि कनिष्ठाने वरिष्ठाशी थोड्या मोकळेपणाने पण मान राखून बोलताना ते येते. इंग्रजी आवृत्तीत त्याचे 'डूड' झाले. 'डूड' लक्षात राहते, पण त्याने प्रिनी मालकिणीच्या बरोबरीचे होतात आणि मूळची लाचारी पातळ होते. माझे मित्र म्हणतात, की वऱ्हाडीत प्रिनीने 'बे' म्हणावे. मला ते अजिबात मान्य नाही. 'बे' बरोबरीच्याला किंवा धाकट्याला म्हणतात, एटनाला 'बे' म्हणणारा प्रिनी दुसऱ्या वाक्यापर्यंत जगणार नाही. आपल्याकडचा 'जी' घ्या. 'फेकू नका जी', 'आजची मजुरी राहिली जी', 'चाललो जी'. यात आर्जव आहे, सवय आहे, आणि थोडा निर्ढावलेपणाही आहे. ज्या कोणाला हा खेळ कधी मराठीत आणावासा वाटेल, त्याने प्रिनीपासून सुरुवात करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मानेवाड्यातील वाचक

'जी' हाच शब्द. आमच्या गावाकडे मजूर मालकाशी आणि सून सासऱ्याशी याच शब्दाने बोलते, आणि सुरावर सगळे ठरते. 'जी' किंचित लांबवला की आज्ञाधारकपणाच्या आत दडलेली नाराजीही ऐकू येते.

धरमपेठकर

इतवारीकरांचा मुद्दा वाचून मी थांबलो. विनोद नियमांत गेला असे मी म्हटले होते, पण प्रिनीचा स्फोट हाही नियमच आहे आणि तो पहिल्या भागापासून आहे. म्हणजे विनोद दुसऱ्या भागात नियमांत शिरला हे माझे विधान चुकीचे होते. तो आधीपासून तिथे होता. दुसऱ्या भागाने कथेतील गोंगाट कमी केला, म्हणून मला तो ऐकू आला. महालकरांनी म्हटलेली शंभराव्या वेळची अडचण त्यामुळे सुटत नाही, आणि ती मी मान्य करतो.

मारबतीच्या उदाहरणावर मात्र माझे उत्तर आहे. दुसऱ्या भागातही दुष्टपणा मधोमध येऊन बसण्याचा एक प्रसंग आहे, आणि तो एटनाचाच आहे. हानाको ही अ‍ॅडेलची धाकटी बहीण, एटनाला आदर्श मानणारी. एटना जेव्हा पहिल्यांदा समोर येते, तेव्हा तिची लेव्हल १००० असते, आणि त्या वेळी आपली पात्रे तिच्यापुढे पालापाचोळा असतात. पुढे बोलावण्याचा एक विधी फसल्यामुळे ती लेव्हल १ वर घसरते आणि आपल्याच गटात येऊन बसते. ज्या मालिकेत आकड्यांसाठी माणसे शेकडो तास घालवतात, तिथे सर्वांत गर्विष्ठ पात्राचे ९९९ आकडे एका क्षणात काढून घ्यायचे आणि तिला खेळाडूबरोबर पहिल्या पायरीपासून पुन्हा चढायला लावायचे! मी तिची लेव्हल १००० पर्यंत परत नेली तेव्हा जूनचा पहिला पाऊस येऊन गेला होता.

महालकर

तो प्रसंग मी विसरलो होतो. माझी २००६ ची आवृत्ती आणि मेमरी कार्ड दोन्ही अजून कपाटात आहेत. एटनाला मी तेव्हा लेव्हल ४० च्या पुढे नेलेच नव्हते, कारण मला लाहार्ल हवा होता आणि तो येईपर्यंत मी बाकी कोणाकडे नीट पाहिले नाही. या रविवारी तिथूनच पुढे सुरू करतो. नायकाबद्दलचे माझे मत अजून तेच आहे.