रस्त्याकडेचे लाल तुरे खाल्लेले चालतात का? (न्यूजर्सी)

सातारकर_मावशी:
लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेय. फिरायला जाते त्या रस्त्याच्या उतारावर एक झाड नुसतं माजलंय. पानं कडुलिंबासारखी पण लांबलचक, फांदीवर मऊ लव, शेंड्याला उभा लालभडक तुरा. बोट लावून चाटलं तर चक्क आंबट! जावई ओरडतोय, "आई, पॉयझन सुमॅक असेल, अंगावर फोड येतील." चार दिवस झाले, मला काही झालेलं नाही. कुणी खातं का हे?

बोस्टनचा_बंड्या:
मावशी, पुढच्या वेळी आधी विचारा, मग चाटा! हा स्टॅगहॉर्न सुमॅक. विषारी भाऊबंद दलदलीत वाढतो आणि त्याची फळं पांढुरकी, लोंबती असतात. उभा लाल तुरा असेल तर घाबरू नका. फक्त काजू-आंब्याचा चीक बाधत असेल तर लांब राहा, कूळ तेच.

आम्ही दर ऑगस्टात सरबत करतो. चार-पाच तुरे गार पाण्यात कुस्करून तासभर ठेवायचे. गरम पाणी नको, तुरट होतं. दुहेरी फडक्यानं गाळा, नाहीतर ती लव घशात खवखवते. आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडू नका. आंबटपणा त्या लवेतच असतो, धुऊन जातो.

इथले मूळ रहिवासी हे पाणी पूर्वापार पितात. वाळलेली पानं तंबाखूत मिसळून चिलमीत ओढत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फांदीतला भेंडासारखा गाभा कोरून नळी करायची, ती मेपलच्या खोडात ठोकायची, की रस थेंबथेंब भांड्यात.

वऱ्हाडी_काका:
म्हणजे आपल्या बिब्याचं भावकीतलंच की! माझ्या आजीचा बिबा असाच उतला होता, आठवडाभर हात सुजलेला. तरी पायात काटा मोडला की ती सुईला बिबा टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा चटका द्यायची. परटाची कपड्यांवरची काळी खूणही बिब्याचीच, चुन्यानं पक्की केलेली.

पुणेरी_खवय्या:
कबाबवर भुरभुरतात तो सुमॅक वेगळा, भूमध्य समुद्राकडचा. अरबी दुकानात पूड मिळते, चाटायची हौस तिथे भागवा.

सातारकर_मावशी:
केलं काल. कोकमासारखा रंग येईल वाटलं होतं, आला फिका गुलाबी. साखर बरीच लागली. जिरेपूड घातली ती चूक झाली, इतकं निगुतीनं गाळलेलं गढूळ दिसायला लागलं. जावई अजून नुसता वास घेऊन पेला खाली ठेवतोय.