स्कॅन म्हणतो ओपनएसएसएच जुनं, एपीटी म्हणतं सगळं अपडेटेड. कुणाचं खरं?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्राम डेबियन १२ (लिनक्स) च्या सर्व्हरवर असतात. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकानं ऑडिटआधी सर्व्हर स्कॅन करून रिपोर्ट पाठवलाय. त्यात लाल रंगात: ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) ९.२, सीव्हीई-२०२४-६३८७ (सुरक्षा त्रुटीचा नंबर), ताबडतोब ९.८ वर जा. अपडेट आणणाऱ्या एपीटीला विचारलं तर नवीन काहीच नाही म्हणतं. सोमवारी शॉप बंद असतं, तेव्हा ९.८ चा सोर्स उतरवून कंपाइल करू का?

राजारामपुरी_रूट:
सरळ डेबियन १३ वर जावा की. त्यात ओपनएसएसएच १० आहे.

उद्यमनगरकर:
शिरोलीकर, भावा, कंपाइल अजिबात करू नको. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे त्यांच्या पक्क्या आवृत्तीत, प्रोग्रामची आवृत्ती तीच ठेवतात आणि फक्त दुरुस्ती तिच्यात आणून बसवतात. क्वालिस ह्या सुरक्षा कंपनीनं ही त्रुटी १ जुलै २०२४ ला जाहीर केली आणि डेबियनची दुरुस्ती त्याच दिवशी आली. डीपीकेजी ह्या कमांडनं पॅकेजचा पूर्ण नंबर बघ. शेवटी ‘डेब१२यू३’ किंवा पुढचा आकडा असेल तर ही त्रुटी बुजलेली आहे. सर्व्हर बॅनरमध्ये, म्हणजे जोडताना पाठवतो त्या ओळखीच्या ओळीत, ते शेपूट सांगतोसुद्धा, पण बरेच स्कॅनर ‘९.२’ वाचून तिथंच थांबतात.

ही त्रुटी मुळात कशी आली ते बघ. लॉगिन पुरं करायला १२० सेकंद मिळतात. वेळ संपल्यावर जो सिग्नल येतो, तो हाताळणारा कोड त्या क्षणी चालवू नयेत अशी फंक्शनं बोलावतो. त्या फटीतून रूटपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्यापर्यंत, जाता येतं. हाच दोष २००६ मध्ये दुरुस्त झाला होता. २०२० च्या एका बदलात तो परत शिरला आणि ८.५ पासून ९.७ पर्यंत राहिला. डेबियन ११ मध्ये ८.४ होतं, म्हणून ते जुनं असूनही वाचलं. २०२४ च्याच मार्चमध्ये एक्सझेड ह्या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडला, तोही ५.६.० आणि ५.६.१ ह्या ताज्या आवृत्त्यांत. स्टेबलवाल्यांपर्यंत तो पोचलाच नाही. म्हणून आकडा मोठा म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका.

तू स्वतः कंपाइल केलंस की ते एपीटीच्या हाताबाहेर गेलं. पुढची त्रुटी निघाली की ती कळणार कुणाला आणि बसवणार कोण? डेबियनची सिक्युरिटी टीम हे काम फुकट आणि वेळेवर करते. तिच्यावर विश्वास टाक.

ऑडिटरला पॅकेजचा पूर्ण नंबर, चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदीतली) त्या सीव्हीईची ओळ आणि डेबियनची सुरक्षा सूचना डीएसए-५७२४ पाठव. बहुतेक जण एवढ्यावर मान्य करतात.

शिरोलीकर:
बघितलं दादा, यू३ च्या पुढचाच आकडा आहे. चेंजलॉगमध्ये ती ओळही सापडली. रिपोर्टच्या उत्तरात हेच लावतो. मग १३ वर कधी जाऊ?

उद्यमनगरकर:
जायचं आहेच, पण ऑडिटच्या घाईत नको. आधी ड्रॉइंगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घे आणि तो उघडतोय का बघ. आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे का तेही तपास. आणि तो एसएसएच पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर आजच बंद कर, घरून लागत असेल तर व्हीपीएन लाव.

राजारामपुरी_रूट:
शेपटाचं माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसच्या रिपोर्टमध्येही हीच लाल ओळ आहे, उद्या नंबर बघतो.