बैठकीला पक्षी आणण्याबद्दल

कोंबड्या पाळणाऱ्यांच्या दर महिन्याच्या बैठकीला प्रत्येकाने आपले एक-दोन पक्षी आणावेत, म्हणजे नवख्यांना हातात धरून शिकता येईल, अशी एक सूचना आलीय. शिकण्याचा मुद्दा एकदम मान्य. शेपटीखालची पिसं बाजूला केली की मुळाशी चिकटलेले उवांच्या अंड्यांचे पांढरट गठ्ठे दिसतात. एकदा बघितले की पुन्हा सांगावं लागत नाही. पण दहा घरचे पक्षी एका टेबलावर नकोत. मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू पिसांच्या मुळांतून त्वचेच्या कोंड्यावाटे बाहेर पडतो आणि धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. 'आमच्यांना लस दिलीय' यानेही काम भागत नाही. लसीमुळे ती कोंबडी सहसा आजारी पडत नाही, पण विषाणू पसरवू शकतेच.

आमच्या गटात म्हणून ज्याच्याकडे बैठक, त्याचीच एक कोंबडी दाखवायला असते. बाकीचे रिकाम्या हाताने येतात, खुराड्यातल्या चपला घरी ठेवून (यावरून अजूनही कुरकुर होते). आणि लाल माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) दाखवायला तर पक्षी आणून उपयोगच नाही. ते रात्री रक्त पितात, दिवसा कोंबड्यांच्या बसायच्या दांडीच्या फटीत लपतात. त्यासाठी दांडीच्या टोकांचे फोटो आणा.