मदत हवी आहे: 'लेडी बी गुड' तळावरून पुढे कशी गेली?

नमस्कार मंडळी, कोणी एअर फोर्समध्ये नेव्हिगेटर किंवा रेडिओचं काम केलंय का? गेले काही दिवस 'लेडी बी गुड' डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकेचं बी-२४ लिबरेटर बॉम्बर, ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सोलुकहून नेपल्सवर हल्ल्याला निघालं, नऊ जण होते, सगळ्यांची ती पहिलीच मोहीम. परत येताना रात्री एकटे पडले, तळाकडून रेडिओवर दिशा मागितली, ती मिळाली पण, तरी तळावरून पुढे निघून थेट सहारात शिरले आणि पेट्रोल संपत आल्यावर पॅराशूटने उड्या मारल्या. विमान सापडलं १९५८ मध्ये, किनाऱ्यापासून जवळपास ७०० किमी आत! रेडिओ तेव्हाही चालू होत होता म्हणे.

को-पायलट टोनरची डायरी वाचून पोटात कालवलं. नऊपैकी उडीनंतर एकत्र जमलेल्या आठ जणांत पाण्याची फक्त अर्धी बाटली, दिवसाला प्रत्येकी एक झाकणभर, आणि तेवढ्यावर ते आठवडाभर तग धरून होते. शेवटची नोंद १२ एप्रिलची.

माझा प्रश्न असा की तेव्हाच्या लूप अँटेनाला (रेडिओ सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते शोधणारी गोल अँटेना) स्टेशन समोर आहे की मागे हे कळायचंच नाही का? दोन्हीकडून रेषा एकच येते एवढं समजलं, पण मग ते ओळखायला त्या काळी काय करायचे? जरा सोप्या भाषेत सांगा ना कोणीतरी.