१९६९ला चिंतामणराव देशमुख राष्ट्रपती झाले असते तर? कथेसाठी मदत हवी

जुनी_पेटी:
दिवाळी अंकासाठी एक जर-तर कथा लिहितोय. ती सुचली आजोबांच्या पेटीतल्या दहाच्या नोटेवरून. सहाव्या जॉर्जचं चित्र, आणि सही रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरची, सी. डी. देशमुखांची. हा माणूस १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि काँग्रेसचे नीलम संजीव रेड्डी यांच्या भांडणात तिसरा राहिला. पहिला आला असता तर?

माझं कथानक असं. इंदिराबाई सांगतात, अंतरात्म्याचा आवाज ऐका. महाराष्ट्राच्या आमदारांना तो खरंच ऐकू येतो, आणि चक्क मराठीत. १६ ऑगस्टला नरिमन पॉइंटच्या विधानभवनात कोकणातल्या एका आमदाराचा हात मतपत्रिकेवर थबकतो, रेड्डींना सोडून देशमुखांपुढे १ लिहितो. मग एकामागून एक सगळे. देशमुख निवडून येतात. पटेल का हे?

फेसिटवाला:
प्रसंग झकास, हिशेब बोंबलला. आयुष्य बँकेत गेलं, आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही.

आपले तेव्हा २७० आमदार. १९६१च्या जनगणनेनुसार प्रत्येकाचं मतमूल्य १४६, म्हणजे झाले ३९,४२०. लोकसभेचे ४५ आणि राज्यसभेचे १९ खासदार, दर डोई ५७६ने ३६,८६४. अख्खा महाराष्ट्र मिळून ७६,२८४.

आता मूळ निकाल. पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. तुमच्या सोयीसाठी धरू की महाराष्ट्राचं एकूण एक मत रेड्डींकडे होतं आणि तुम्ही ते उचलून देशमुखांना दिलंत. देशमुख होतात १,८९,०५३ आणि रेड्डी २,३७,२६४. तरी तिसरेच! आणि तिसरा म्हणजे बाद. त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे दुसऱ्यांकडे जातात. प्रत्यक्षात झालं तेच. बाद झालेल्यांची मतं वाटल्यावर रेड्डी ४,०५,४२७ वर चढले, पण गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि ४,१८,१६९चा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ओलांडून बसले.

तेव्हा रेड्डी रिंगणात आहेत तोवर सी. डी. येत नाहीत. तुमचा फाटा महिनाभर मागे न्या, जुलैत बंगळूरला, काँग्रेसच्या बैठकीत. सिंडिकेटने, म्हणजे इंदिराबाईंच्या विरोधातल्या जुन्या काँग्रेस नेत्यांच्या गटाने, तिथेच रेड्डींऐवजी देशमुखांचं नाव पुढे केलं असं दाखवा. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्यामागे आलेच असते, खरोखरीच ते त्यांचे उमेदवार होते. देशमुख आणि रेड्डी, दोघांची मतं मिळून ४,२६,३१७. कोटा पार! पण यातले नुसते बावीस खासदार फुटून गिरींकडे गेले, की गिरी पुढे. तुमचा अंतरात्म्याचा आवाज इथे घाला, इथे तो कामाचा आहे.

रीगलच्या_मागे:
नरिमन पॉइंटचं विधानभवन १९८१चं आहे हो! १९६९ला मतदान जुन्या कौन्सिल हॉलमध्ये दाखवा, रीगलजवळ. आता तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. तुमचा आमदार बारा वर्षं आधीच पोचला.

तळटीप:
निवडून आणणं सोपं आहे, पुढचं बघा. सी. डी. म्हणजे 'उजव्यांचा माणूस' असं रंगवू नका. १९५६ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं ते तेच अर्थमंत्री असताना, वटहुकूम काढून. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तेव्हाही त्यांचा राग नुसता मुंबईपुरता नव्हता. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय झाला, हा आक्षेप होता. माणूस पद्धतीला धरून चालणारा.

म्हणून खरा पेच सप्टेंबर १९७०मध्ये. तनखे, म्हणजे माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे पैसे, रद्द करायचं विधेयक राज्यसभेत पडलं: बाजूने १४९, विरोधात ७५. दोन तृतीयांशाला एक मतसुद्धा नाही, मताचा तिसरा हिस्सा कमी पडला. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. गिरींनी सही केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक, असं घटनेत स्पष्ट लिहिलं गेलं १९७६ला. मग संसदेत पडलेली गोष्ट मागच्या दाराने आली, तर देशमुख काय करतील? आणि राष्ट्रपती भवनात शेजारी दुर्गाबाई आहेत हे विसरू नका. त्या घटना समितीच्या सदस्य होत्या, गप्प बसणार नाहीत.

चहाटळ:
करतील की सही. नोटांवर एवढ्या केल्यात, एक आणखी.

फेसिटवाला:
नोटेवर काय लिहिलंय ते वाचलंत का कधी? धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन. ती सही त्या वचनाखाली आहे. तनखे हेसुद्धा घटनेतलं लेखी वचनच होतं, कलम २९१.

(१९ जुलैला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मला नोकरीत जेमतेम वर्ष झालं होतं. वटहुकमावर सही कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून गिरींची, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा राजीनामा. आम्हाला त्यापेक्षा पगार कोण देणार याची काळजी.)

जुनी_पेटी:
हे कलम २९१चं डोक्यात आलंच नव्हतं. कोकणातला आमदार गेला, बंगळूर आलं, बावीस खासदार शेवटपर्यंत टांगून ठेवतो. नोट पहिल्या पानावरून उचलून सप्टेंबर १९७०मध्ये नेतोय. आदेशाची फाईल टेबलावर, शेजारी ती दहाची नोट, आणि दुर्गाबाई विचारतात, "वाचलंत?"